स्कॅनरच्या काचेवरचा चरा

डार्क वेबविषयी कुठेही लेख आला की सोबत एकच चित्र असतं. अंधारी खोली, टोपी डोक्यावरून पार नाकापर्यंत ओढलेला बिनचेहऱ्याचा माणूस, मागे हिरवे आकडे. ते चित्र बघितलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. सव्वीस वर्षं मी हुबळीच्या कमरीपेठेत नेट सेंटर चालवते आहे आणि तसली टोपी घातलेला एकही इसम माझ्या दुकानाची पायरी चढलेला नाही. आमच्या एप्रिलात तसली टोपी घातली तर तो इसम चोरी करण्याआधी चक्कर येऊन पडेल. पण या चित्रामुळे वाचणाऱ्याला वाटतं, हे काहीतरी लांबचं, परदेशातलं, आपला काय संबंध? तो संबंध काय, तेच सांगायला बसले आहे, आणि रागाने सांगणार आहे. स्वतःवरचा रागही त्यात धरलेला आहे.

माझे वडील मिरजेकडून आलेले. हुबळीच्या दुर्गदबैल बाजारात कापडाचं दुकान टाकलं, ते आता भाऊ बघतो. मी मात्र एक कॉम्प्युटर, एक झेरॉक्स मशीन आणि एक टेबल घेऊन बसले, तेव्हा घरातले हसले होते. पुढे त्यांच्याच पोरांचे अर्ज मी भरले. झेरॉक्स, टायपिंग, ऑनलाइन अर्ज, पासपोर्ट फोटो, एवढं माझं काम. लोक मला नेटअक्का म्हणतात. कोण दहावीला किती वेळा बसला हे मला त्याच्या सासरच्यांच्या आधी ठाऊक असतं, पण मी ते कधी कोणाला सांगितलेलं नाही. या धंद्यात तोंड बंद ठेवणं हाच खरा परवाना आहे असं मी मानत आले.

माझ्याकडे गर्दी का, तर माझी एक पद्धत होती. गिऱ्हाईक पहिल्यांदा आलं की त्याचे सगळे कागद स्कॅन करायचे, आधार, मार्क्सकार्ड, जातीचा दाखला, फोटो, सही, आणि त्याच्या नावाच्या फोल्डरमध्ये ठेवून द्यायचे. पुढच्या वेळी माणूस हात हलवत यायचा. "अक्का, माझी फाइल हाय न्हवं तुमच्याकडं?" असं विचारायचा, आणि मी तीन मिनिटांत अर्ज भरून द्यायचे. आमच्या हुबळीतल्याच लॅमिंग्टन रोडवरच्या मोठ्या सेंटरांत ही सोय नव्हती. मला तिचा भारी अभिमान होता.

डार्क वेबशी माझी पहिली गाठ पडली ती दुर्गदबैलच्या एका हार्डवेअरच्या व्यापाऱ्यामुळे. पन्नाशीचे, कपाळाला गंध, अतिशय सभ्य गृहस्थ. एके दुपारी दुकान रिकामं बघून आत आले आणि हळूच म्हणाले, "अक्का, ते डार्क वेब म्हणत्यात, ते तुमच्याकडं असतंय काय?"

"असतंय म्हणजे? पाव किलो बांधून देऊ?" मी म्हटलं.

ते हसले नाहीत. घाम पुसत त्यांनी मोबाइल पुढे केला. कोणीतरी इंग्रजीत मेल पाठवला होता: तुझा पासवर्ड अमुक आहे, तुझ्या कॅमेऱ्यातून तुझे नको ते व्हिडिओ आम्ही काढलेत, पैसे पाठव, नाहीतर सगळ्या नातेवाइकांना पाठवू. पासवर्ड खरा होता. त्यांच्या थोरल्या मुलीचं नाव आणि तिचं जन्मसाल. बिचारे चार दिवस जेवले नव्हते. त्यांना वाटलं होतं की डार्क वेबवर जाऊन तो व्हिडिओ आपणच शोधून काढावा.

मी त्यांना बसवलं आणि जे सांगितलं तेच इथे सांगते. दुर्गदबैलमध्ये रस्त्यावर पाट्या लावलेली दुकानं असतात. कोणीही विचारत जाऊ शकतो. आपण गुगल करून जे बघतो ते एवढंच. त्या दुकानांच्या मागे गोदामं असतात, कुलूप लावलेली. आपलं बँकेचं खातं, आपले मेल, दवाखान्यातले रिपोर्ट, हे सगळं त्या गोदामांत. त्यात वाईट काही नाही, ते फक्त खाजगी आहे. आणि तिसरी एक गल्ली असते, जिथे नेहमीचा रिक्षावाला येतच नाही. तिथे जायला वेगळा ब्राउझर लागतो. तो आपला निरोप कांद्यासारखा एकावर एक पापुद्र्यांत गुंडाळून निरनिराळ्या हातांतून पुढे पाठवतो. प्रत्येक हाताला मागचा आणि पुढचा एवढेच माहीत. शेवटी निरोप कोणाचा, हे कळणं फार अवघड होतं. ही तिसरी गल्ली म्हणजे डार्क वेब.

ही गल्ली बदमाशांनीच बांधली असंही नाही. सरकार ज्यांच्या मागे लागलंय असे पत्रकार, घरच्यांपासून लपून मदत मागणाऱ्या बायका, यांनाही तिचा आसरा आहे. आपल्याकडे नुसता तो ब्राउझर उघडणं गुन्हा नाही. तिथे जाऊन काय केलंत, त्यावर गुन्हा ठरतो. पण जिथे तोंड दिसत नाही तिथे चोरीचा माल विकायला लोक येणारच, आणि आज तिथला सगळ्यात चालता माल म्हणजे तुमची-माझी माहिती. कुठल्यातरी खरेदीच्या वेबसाइटवरून कधीकाळी पासवर्ड चोरीला गेले, त्या गठ्ठ्यात या व्यापाऱ्यांचाही गेला. तो गठ्ठा विकत घेऊन कोणीतरी सगळ्यांना तोच मेल पाठवत सुटला होता. व्हिडिओ वगैरे काही नव्हतंच. मी त्यांना सगळे पासवर्ड बदलायला लावले, मोबाइलवर दुसरा कोड आल्याशिवाय खातं उघडणार नाही अशी सोय करून दिली, आणि म्हटलं, आता घरी जाऊन जेवा.

त्यानंतर मी स्वतः त्या गल्लीत जाऊन आले. दुसऱ्याला सांगायचं तर आपण बघायला हवं, असा माझा स्वभाव. ज्यांना उत्सुकता दम धरू देत नाही त्यांच्यासाठी सांगते, पण आधी हे ऐका: जाऊ नका. तिथे तुमचं काही काम नाही. जायचंच असेल तर ज्या मशीनवर तुमची बँक, तुमचे फोटो, तुमची मुलंबाळं आहेत त्या मशीनवरून जाऊ नका. मी एक जुना लॅपटॉप पुसून कोरा केला आणि त्याच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावली. ब्राउझर तो बनवणाऱ्यांच्या मूळ जागेवरूनच घ्या आणि ताजा ठेवा. कोणी पेनड्राइव्हमधून देतो म्हणाला तर घेऊ नका. या पेनड्राइव्हवर मी पुढे येणारच आहे. नाव, नंबर, नेहमीचा मेल, काही टाकायचं नाही. काही उतरवून घ्यायचं नाही, कितीही फुकट असलं तरी. विकत घ्यायचा तर विचारच नको. ब्राउझरची खिडकी ताणून मोठीही करू नका, कारण तिच्या मापावरूनसुद्धा माणूस ओळखता येतो. आणि आपली माहिती चोरीला गेली का हे बघायला तिथे आपला आधार नंबर टाकणारे महाभाग असतात. अरे बाबांनो, नव्हता गेला तर आता गेला.

मला तिथे दिसलं काय? अत्यंत हळू उघडणारी, कुरूप पानं. चोर चोरांना फसवत होते आणि फसलेले चोर तक्रारी लिहीत होते. मी अर्ध्या तासात कंटाळून उठले आणि चहा टाकला. ते टोपीवालं चित्र काढणारा माणूस तिथे कधी गेलेला नाही, हे मी शपथेवर सांगते.

या सगळ्याने मी स्वतःला शहाणी समजू लागले. दिसेल त्याला उपदेश करू लागले. एकदा कोपऱ्यावरच्या गाड्यावर गिरमिट घेतलं. आमच्याकडे चुरमुरे, कांदा, मसाला कालवून कागदाच्या पुड्यात देतात. खाऊन झालं आणि पुडा उलगडला, तर आत कोणाच्यातरी आधारची झेरॉक्स, फोटोसकट. बिघडलेल्या झेरॉक्स कोणत्यातरी दुकानाने रद्दीत विकलेल्या. मी त्या गाडेवाल्याला फैलावर घेतलं, मग झेरॉक्सचं ते दुकान शोधून काढून तिथेही जाऊन बोलले. "लोकांचे चेहरे तेलात बुडवून विकता, लाज न्हाई वाटत?" असं चार लोकांसमोर म्हटलं. तो मालक खाली मान घालून उभा होता. मला फार बरं वाटलं होतं. आता ते आठवलं की मीच मान खाली घालते.

कारण नंतर वैशालीचं प्रकरण घडलं.

वैशाली आमच्याच गल्लीतली. वडील भीमराव अप्पा रेल्वेच्या वर्कशॉपात खलाशी होते. घरात शिक्षणाचं वेड. भिंतीवर बुद्धाचा फोटो आणि खाली मुलीची बक्षिसं. वैशालीने नर्सिंग केलं आणि परीक्षा देऊन सरकारी दवाखान्यात नेमणूक मिळवली. तिचा पहिला अर्जही मीच भरला होता आणि नेमणुकीचा आदेशही तिने माझ्याच दुकानात उघडला होता. पोलिस पडताळणीचा शेरा आला की नोकरीवर हजर व्हायचं, त्याला शेवटची तारीख होती. तेवढ्यात दुसऱ्या राज्यातून नोटीस आली. कुठल्याशा शहरात तिच्या नावाने ऑनलाइन खातं उघडलं होतं आणि लोकांना फसवून उकळलेले पैसे त्या खात्यातून फिरले होते. खात्याला फोटो तिचा, सही तिची, आधार तिचा. ती पोरगी त्या राज्यात आयुष्यात गेलेली नाही.

पडताळणी थांबली. तारीख जवळ येत होती. भीमराव अप्पा दुकानात येऊन स्टुलावर बसले. मग म्हणाले, "आमच्या घरात नोटीस म्हणून पहिल्यांदा आली बघा अक्का. माझ्या बाला वाचाय येत नव्हतं, पण त्याच्या नावावर कधी डाग न्हवता."

वैशाली मात्र धडपडत होती. कोणीतरी तिला विद्यानगरच्या एका सायबर एक्स्पर्टचा पत्ता दिला. मी सोबत गेले. काचेचं ऑफिस, एसी, आणि भिंतीवर, दुसरं काय असणार, तोच टोपीवाला. एक्स्पर्टने आधी आम्हाला पुरेसं घाबरवलं आणि मग म्हणाला, "मॅडम, डार्क वेबवरनं तुमचा डाटा काढून देतो. फुल गॅरंटी. फी ॲडव्हान्स."

"काढून म्हणजे?" मी विचारलं. "मी सव्वीस वर्षं झेरॉक्स काढते. एकदा कागदाच्या प्रती लोकांच्या हातात गेल्या की त्या परत गोळा करता येत न्हाईत. तू कशा करणार, ते सांग."

तो इंग्रजीत काहीबाही बोलू लागला. मी वैशालीचा हात धरला आणि उठले. घाबरलेल्या माणसाच्या खिशात हात घालणारे हे लोक त्या तिसऱ्या गल्लीतल्या चोरांपेक्षा मला जास्त नीच वाटतात. चोर निदान गॅरंटी देत नाही.

तिथून आम्ही सायबर ठाण्यात गेलो. तिथले साहेब धारवाडचे, सरळ माणूस. त्यांनी कन्नडमध्ये स्पष्ट सांगितलं की 'मी नाही त्यातली' असं प्रत्येकजणच म्हणतो. "हे कागद बाहेर कुठून गेले हे दाखवा, मी तसा अहवाल आजच पाठवतो," असं म्हणाले. मग त्यांनी तिकडच्या पोलिसांकडून आलेले दोन छापील कागद टेबलावर ठेवले. एक, खातं उघडताना दिलेलं आधार. दुसरा, डार्क वेबवर एका विक्रेत्याने नमुना म्हणून लावलेल्या कागदांचा फोटो, त्या खात्याच्याही आधीचा. पूर्ण संच, असं तिथे लिहिलं होतं. भाजीच्या वाट्यासारखा माणसाचा वाटा घातला होता: फोटो, सही, आधार, मार्क्सकार्ड.

मी चष्मा पुसून वाकून बघितलं. दोन्ही कागदांवर वैशालीच्या डाव्या भुवईपासून कानापर्यंत एक केसाएवढी बारीक तिरकी रेघ होती.

ती रेघ मला चांगली ठाऊक होती. माझ्या स्कॅनरच्या काचेवर कधीतरी स्टेपलची पिन घासून चरा पडला होता. गेली सहा वर्षं माझ्याकडच्या प्रत्येक स्कॅनवर ती रेघ येते. चालतंय की, वाचता येतंय न्हवं, असं म्हणून मी काच बदललीच नाही. 

बाहेर आल्यावर वैशालीने विचारलं, "अक्का, कुठनं गेलं असंल ओ?"

मी म्हटलं, "बघू या."

हे "बघू या" मी आयुष्यात विसरणार नाही. मला तेव्हाच कळलं होतं, आणि तारीख डोक्यावर असलेल्या पोरीला मी बघू या म्हटलं.

दुकानात येऊन मी मशीन तपासलं. चोर सापडायला वेळ लागला नाही. एका पानावर आठ पासपोर्ट फोटो बसवून देणारं एक सॉफ्टवेअर आम्ही सगळे सेंटरवाले वापरतो. विकत घेतलं तर महाग, म्हणून त्याची फोडलेली, म्हणजे चोरटी प्रत पेनड्राइव्हमधून एका दुकानातून दुसऱ्या दुकानात फिरते. मलाही ओळखीच्या एकाने दिली होती. बसवताना मशीनचा अँटिव्हायरस कुरकुर करायला लागला, तेव्हा देणारा म्हणाला, "ते बंद करा अक्का, नंतर चालू करा." मी स्वतःच्या हाताने बंद केला. नंतर चालू करायचं राहून गेलं. त्या फुकटच्या सॉफ्टवेअरच्या पोटातून जे आत शिरलं, ते माझी फोल्डरं उचलून घेऊन गेलं. नावानिशी, नीट लावून ठेवलेली. चोराला शोधाशोधही करावी लागली नाही. माझी ती सोय गिऱ्हाइकांपेक्षा त्यालाच जास्त उपयोगी पडली.

रात्रभर स्वतःलाच शिव्या घातल्या. सकाळी भावाला सांगितलं की पोलिसांना हे सगळं लिहून देणार. तो म्हणाला, "लिहून कशाला देतीस? कुणाला कळतंय? दुकान बुडंल."

"आणि ती पोरगी बुडंल, त्याचं काय?" मी म्हटलं. त्याने मग अडवलं नाही. व्यापारी माणूस आहे, पण दगड नाही.

आधी मी वैशालीच्या घरी गेले आणि उंबऱ्यातच सगळं सांगितलं.  भीमराव अप्पांनी पाण्याचा तांब्या पुढे केला, पण बसा म्हणाले नाहीत. ते बरोबरच होतं.

मग स्कॅनर टॉवेलमध्ये गुंडाळला, मांडीवर घेतला आणि रिक्षाने ठाण्यात गेले. साहेबांनी माझ्यासमोर कोरा कागद स्कॅन करून घेतला. तीच रेघ, त्याच जागी. "हौद्री," ते म्हणाले, म्हणजे खरं आहे तुमचं. मी जबाब लिहून दिला: हे स्कॅन माझ्या दुकानात झालं, मी ते न विचारता ठेवून घेतलं, माझ्या निष्काळजीपणाने ते चोरीला गेलं. खाली स्पष्ट सही केली. स्कॅनर त्यांनी पुरावा म्हणून ठेवून घेतला. अहवाल गेला, नोटीस काढणाऱ्या अधिकाऱ्यांचं उत्तर आलं, आणि शेवटच्या तारखेला दोन दिवस असताना वैशाली हजर झाली.

त्यानंतर मी फोल्डरांतली नावं वहीत उतरवून एकेकाला जाऊन सांगितलं. दुर्गदबैलपासून लॅमिंग्टन रोडपर्यंत चपला झिजवल्या. लोकांनी काय म्हणावं? "इरली बिड्री अक्का," म्हणजे असू द्या हो, "आमच्याकडं चोरायला काय हाय?" या उत्तराचा मला जितका संताप आला तितका चोरांचाही आला नाही. वैशालीच्या बापाकडे तरी काय होतं? नाव होतं. ज्याच्याकडे सोनंनाणं नाही, त्याच्याकडचं तेच तर चोरतात. मी तिथेच उभी राहून त्यांच्या मोबाइलवर आधारवरचे बोटांचे ठसे लॉक करून द्यायचे, म्हणजे ते दुसऱ्याला वापरता येत नाहीत, आणि पुढे कुठे झेरॉक्स द्याल तर ती कशासाठी दिली ते वर लिहा, असं बजावायचे. काहींनी ऐकलं. काहींनी माझ्याकडे येणं बंद केलं. त्या गिरमिटच्या प्रकरणातल्या झेरॉक्सवाल्याकडेही गेले. त्याने ऐकून घेतलं आणि चहा मागवला. 

दुकान अजून चालू आहे. फोल्डरं पुसली, सॉफ्टवेअर विकत घेतलं, स्कॅनर नवा आणला. आता प्रत्येक वेळी कागद घेऊन या म्हटलं की लोक तोंड वाकडं करतात.

मागच्या महिन्यात वैशाली आली. ड्यूटीवरून थेट, पांढऱ्या गणवेशात. पगारासाठी हजर झाल्याचा दाखला स्कॅन करून पाठवायचा होता. पूर्वी ती कागद माझ्या हातात देऊन बाहेर बाकावर मोबाइल बघत बसायची. या वेळी टेबलाच्या या बाजूला आली आणि माझ्या खांद्यामागे उभी राहिली. मी स्कॅन केलं, पाठवलं, कागद परत दिला. ती हलली नाही.

"अक्का, ते काढून टाका," ती हळूच म्हणाली.

मी फाइल पुसली.

"आणि त्या कचऱ्याच्या डब्यातलं?"

पुसलेली फाइल कॉम्प्युटरच्या त्या डब्यात पडून राहते, ते मी विसरले होते. सव्वीस वर्षं या टेबलावर बसणारी मी, इतकं सगळं होऊन, पुन्हा विसरले होते. मला स्वतःची लाज वाटली आणि त्या पोरीचा अभिमानही वाटला. मी डबा उघडला आणि स्क्रीन तिच्याकडे वळवली. तिने माऊस माझ्या हातातून घेतला आणि डबा स्वतः रिकामा केला.